पिशवीत नुसतं बी नसतं



मिरगाच्या आधी पंधरा दिवस गावोगावी एकच बोलणं असतं. बॅग कोणती आणायची, उधार कोण देतो, गेल्या साली कुणाच्या रानात बोंडं जास्त लागली. आपल्या संघटनेच्या बैठकीत मात्र बियाण्याचा विषय निघत नाही. तिथं दावे, पट्टे, मोजणी, वनखात्याच्या नोटिसा हेच चालतं, आणि ते बरोबरच आहे. जमीनच हातात नसंल तर बी टाकणार कुठं? पण माझं म्हणणं असं आहे की जमिनीची लढाई आणि बियाण्याची लढाई एकच आहे. पट्टा आपल्या नावावर झाला आणि त्या रानात काय उगवणार हे दुकानाच्या फळीवरून ठरलं, तर निम्मी जमीन अजून दुसऱ्याच्याच हातात आहे.

दुकानातून आणलेल्या पिशवीत नुसतं बी नसतं. तणाचं बी असतं, रोगाची भुकटी असते, कधी झोपलेली अळी असते. त्याचे पैसे दुकानदार घेत नाही, ते फुकट येतं. पण त्याची किंमत आपण निंदणीत, फवारणीत आणि बुडालेल्या पिकात वर्षानुवर्षं भरतो. हे कसं घडतं ते आपल्या डोळ्यासमोरच्या चार-पाच गोष्टींवरून सांगतो. गावात कुणी वाचणारं असंल त्यानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं.

पहिलं गाजरगवत. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या आवारात, बांधावर, पडीक रानात, जिकडं बघावं तिकडं तेच. हात लागला की खाज सुटते, फुलोऱ्यात आलं की कुणाला दम लागतो, जनावर तोंड लावत नाही. म्हाताऱ्या माणसांना विचारा, या गवताला जुनं नाव नाही. ‘गाजरगवत’ काय, ‘काँग्रेस’ काय, ही नावं अलीकडची. गवत मूळचं अमेरिका खंडातलं. आपल्या देशात ते १९५५ साली पुण्यात जाणकारांच्या नजरेत आलं. अमेरिकेनं मदतीत दिलेल्या गव्हातून, म्हणजे पीएल-४८० च्या गव्हातून ते आलं असं सगळीकडं सांगतात. आता तो करार झाला १९५६ ला, म्हणजे पुण्यात गवत दिसल्यानंतर. पण अमेरिकेचा गहू त्याच्याही आधी, १९५१ च्या कर्जातून, आपल्याकडं आलेला होता. म्हणून ते कोणत्या जहाजातून उतरलं यावर भांडत बसण्यात अर्थ नाही. धान्याच्या पोत्यातून एक नवं तण देशात उतरू शकतं, एवढं कळलं तरी पुरे.

पुण्याहून ते किनवटच्या डोंगरात यायला मुद्दाम कुणी लावलं नाही. एका झाडाला हजारो बिया धरतात आणि बी वाऱ्यावर उडण्याइतकं हलकं असतं. ते धान्याच्या पोत्यात येतं, कडब्याच्या गाडीत येतं, विकतच्या शेणखतात येतं, रस्त्याच्या कामाच्या मुरमात येतं, मळणीयंत्राच्या कोपऱ्यात बसून एका गावाहून दुसऱ्या गावाला जातं. माल जिथं जातो तिथं ते जातं.

दुसरी घाणेरी, जिला काहीजण टणटणी म्हणतात. हिला तर मुद्दाम आणलं. इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या सरकारी बागेत शोभेचं झुडूप म्हणून ती लावली. फुलं रंगीत, काटे दाट, कुंपणाला चांगली. मग रोपांच्या देवाणघेवाणीतून ती बंगल्या-बंगल्यांच्या कुंपणाला लागली. तिची काळी फळं पाखरांनी खाल्ली आणि बी जंगलात टाकलं. आज घाणेरीच्या दाट जाळीखाली गवत येत नाही. मोहाचं, तेंदूचं रोप वर येत नाही. भुकेल्या जनावरानं पाला खाल्ला तर ते आजारी पडतं, उन्हात त्याची कातडी सोलते.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवून सांगतोय. जंगल बिघडलं की बोट कुणाकडं दाखवतात? आपल्या गुरांकडं आणि आपल्या कुऱ्हाडीकडं. तर मग हेही कागदावर येऊ द्या, की घाणेरी गोंडांनी आणली नाही, कोलामांनी आणली नाही, आंधांनी आणली नाही, परधानांनी आणली नाही. बाग सजवणाऱ्यांनी आणली. सामूहिक वनहक्काच्या दाव्याची सुनावणी असंल आणि कुणी साहेब म्हणाला की तुमच्यामुळं चराई संपली, तर त्याला विचारा, घाणेरीखाली गेलेलं कुरण तुमच्या नकाशात कुठं दाखवलंय?

तिसरी अमरवेल. बोरीवर, बाभळीवर चढणारी जाड अमरवेल आपण लहानपणापासून बघतो, ती जुनी. मी सांगतोय ती सोयाबीन, तूर, कारळ, हरभऱ्यावर पसरणारी, पिवळ्या दोऱ्यासारखी बारीक. ही शेतातली अमरवेल मूळची अमेरिकेकडची. तिचं बी मोहरीपेक्षा बारीक, मातीच्या रंगाचं. सोयाबीनमध्ये ते बारीक चाळणीनं तरी वेगळं होतं, कारळात मात्र लवकर ओळखू येत नाही.

आता ती पसरते कशी ते बघा. लातूरच्या किंवा नांदेडच्या मोंढ्यात शंभर गावांचं सोयाबीन येऊन पडतं. कुणाच्या रानात अमरवेल होती, कुणाच्या नव्हती, ढिगात काही कळत नाही. त्याच ढिगातलं चांगलं दिसणारं धान्य चाळून, पिशवीत भरून मिरगात बियाणं म्हणून कुणी विकलं, तर ज्याच्या रानात सात पिढ्यांत अमरवेल नव्हती त्याच्याही रानात ती उगवते. उगवल्यावर आठ-दहा दिवसांत हिरव्या झाडाचा आधार मिळाला नाही तर ती वाळून जाते. आधार मिळाला की पिकाच्या अंगात मुळं खुपसते आणि जमिनीशी संबंध तोडून टाकते. मग तिला माती लागत नाही, दुसऱ्याचा रस पुरतो. सावकाराचं वर्णन याहून वेगळं काय असतं! आणि तिचं बी एकदा मातीत पडलं की दहा-दहा वर्षं, त्याहून जास्तही, जिवंत राहतं.

चौथी गोष्ट रोगाची. ज्वारीची काणी सगळ्यांना माहीत आहे. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते. मळणीत ती भुकटी चांगल्या दाण्यांना चिकटते आणि पुढच्या पेरणीत दाण्याबरोबरच मातीत जाते. इथं एक गोष्ट स्पष्ट बोललं पाहिजे. काणी घरच्या बियाण्यातूनही येते. म्हणून ‘घरचं ते सगळं चांगलं आणि दुकानचं ते सगळं वाईट’ असं मी म्हणत नाही. किलोभर ज्वारीला ४ ग्रॅम गंधकाची भुकटी चोळली तर काणी आटोक्यात येते. एवढा स्वस्त इलाज असून तो होत नाही, कारण घरचं बी ठेवायची सवय मोडली आणि तिच्याबरोबर ते राखायचं ज्ञानही गेलं.

पाचवी गुलाबी बोंडअळी. ऐकून नवल वाटंल, पण हिचा प्रवास उलटा आहे. ती बाहेरून इथं आलेली नाही. इथून बाहेर गेली. तिची पहिली शास्त्रीय नोंद झाली १८४३ साली, गुजरातेतल्या भडोचच्या कापसावरून. ही अळी सरकीत शिरून झोपते. दोन सरक्या एकमेकींना चिकटवून मधल्या पोकळीत महिनेच्या महिने पडून राहते. अशी झोपलेली अळी सरकीच्या व्यापारातून १९०६-०७ च्या सुमारास इजिप्तला पोचली. इजिप्तच्या सरकीतून १९११ ला मेक्सिकोला गेली. १९१७ ला अमेरिकेत टेक्सासात निघाली. इजिप्तच्या शेतकऱ्यानं भडोच कधी बघितलं नव्हतं, पण भडोचकडची अळी त्याच्या बोंडात होती. म्हणजे हा प्रश्न देशी-परदेशी असा नाही. मका, मिरची, भुईमूग, टोमॅटो हेही बाहेरूनच आले आणि आपण ते आनंदानं खातो. ते आपण ओळखून, निवडून घेतले. अळी आणि अमरवेल न विचारता आली. पिशवीत काय आहे हे कुणाला माहीत असतं आणि ते घ्यायचं की नाही हे कोण ठरवतं, भांडण तेवढ्यासाठीच आहे.

हीच अळी पुढं आपल्यावर कशी उलटली तेही सांगतो. आपल्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा ‘नांदेड-४४’ हा वाण एके काळी राज्यभर पेरला जायचा. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ ला दोन जनुकांचं बीटी आलं, आणि काही वर्षांत दुकानात दुसरं काही मिळेनासं झालं. बीटी म्हणजे झाडातच अळीचं विष. अळी त्याला सरावू नये म्हणून ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर बीटीचं छोटं पाकीट दिलं जायचं. शेताच्या कडेनं ते लावायचं, म्हणजे काही अळ्या त्यावर वाढतात, विषाला सरावलेल्या अळीची जोडी त्यांच्याशी जमते आणि सगळी जात विष पचवणारी होत नाही. ही गोष्ट किती दुकानांत सांगितली गेली? आपल्या बहुतेकांच्या घरी ते छोटं पाकीट बांधावर नाहीतर उकिरड्यावर गेलं. त्यात फरदडीचा कापूस उन्हाळ्यापर्यंत उभा ठेवायची सवय आणि जिनिंगमध्ये साठलेल्या कापसातून निघणारे पतंग. २०१७ ला महाराष्ट्रभर गुलाबी अळीनं बीटीचीच बोंडं आतून पोखरली. विषाचा भरवसा देऊन विकलेलं बी, आणि नुकसान सोसलं आपण.

आता बाजारात ‘चोर बीटी’ आहे. तणनाशक मारलं तरी मरत नाही असा कापूस. त्याला सरकारची मंजुरी नाही, तरी पाकीट हातोहात येतं. काही शेतकरी त्याच्या बाजूनं उघड बोलतात. १० जून २०१९ ला अकोला जिल्ह्यात अकोली जहागीर इथं शेतकऱ्यांनी ते जाहीरपणे पेरलं. निंदणीचा खर्च परवडत नाही, मजूर मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण आपल्या डोंगरातल्या रानाचा हिशेब निराळा आहे. आपण पऱ्हाटीच्या ओळीत तूर लावतो, मूग लावतो, अंबाडी-भेंडी टाकतो. तणनाशक पऱ्हाटी सोडून सगळ्याला मारतं. तरोटा, कुरडू, घोळ ही साहेबाच्या पुस्तकात तणं असतील, आपल्या घरात पावसाळ्याची भाजी आहे. आणि निंदणीची मजुरी ज्या बायांच्या हातात पडते त्या आपल्याच घरातल्या आहेत. शिवाय मंजुरी नसलेल्या पाकिटावर खरं लेबल नसतं, त्याची पावती मिळत नाही, आत कोणतं बी, कुठलं बी, कोणता रोग, कुणाला जाब विचारणार?

इथंच जमिनीचा प्रश्न परत येतो. हे खराब बी आपल्याच वाट्याला जास्त का येतं? साखळी बघा. वनहक्काचा पट्टा अडलेला, किंवा पट्टा आहे पण सातबाऱ्याला नोंद नाही. नोंद नाही म्हणून बँक पीककर्ज देत नाही. कर्ज नाही म्हणून उधारी. उधारीवर घेणाऱ्याला निवड नसते, दुकानदार देईल ती बॅग. उधारीच्या बॅगेला पावती नसते. पावती नाही म्हणून बी उगवलं नाही, रोग आला, तण आलं, तरी तक्रार टिकत नाही. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकऱ्यांच्या तक्रारींचा ढीग लागला, औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. पण पावती आणि पिशवी ज्याच्याकडं, त्याचाच पंचनामा पुढं सरकतो. बिनपावतीचा माणूस कागदावर शेतकरीच नसतो. जसा बिनपट्ट्याचा माणूस कागदावर गावकरी नसतो, तसंच.

सगळं काही पिशवीतूनच येतं असं नाही. सोयाबीनचा पिवळा मोझॅक पांढरी माशी पसरवते. मक्यावरची नवी लष्करी अळी २०१८ ला देशात पहिल्यांदा दिसली, तिचे पतंग रात्रीत मैलोन् मैल उडतात. त्यांना ग्रामसभा अडवू शकत नाही. पण पिशवीतून येणारं अडवता येतं, म्हणून तिथं तरी जागं राहू. सरकार करंल म्हणून वाट बघण्यात एक-एक हंगाम जातो. आपल्या गावात आपण एवढं ठरवू शकतो:

१. बॅग घेताना पावती घ्यायचीच, उधारीची असली तरी. पावतीवर वाणाचं नाव आणि लॉट नंबर पाहिजे. पिशवी, लेबल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवायचं. पिशवी वरून नाही, खालच्या बाजूनं फोडायची, म्हणजे लेबल शाबूत राहतं.

२. प्रमाणित बियाण्याला निळं लेबल असतं. लेबलवर उगवण, शुद्धता आणि तपासणीची तारीख लिहिलेली असते. गावातल्या शिकलेल्या पोरा-पोरींनी ते वाचून दाखवायचं. बारावी शिकून त्याचा गावाला एवढा तरी उपयोग झाला पाहिजे.

३. पेरणीआधी उगवण तपासायची. ओल्या गोणपाटात १०० दाणे मोजून गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं, सातव्या-आठव्या दिवशी मोजायचं. सोयाबीनचे ७० पेक्षा कमी उगवले तर ते बी परत करायचं.

४. विकतचं असो की शेजाऱ्याचं, बी बारीक चाळणीनं चाळायचं. चाळणीखाली पडलेलं उकिरड्यावर टाकायचं नाही, जाळायचं. सरकी वापरायची असंल तर जोड सरक्या वेचून जाळायच्या.

५. अमरवेल दिसली की फुलायच्या आधी, ज्या झाडावर आहे त्या झाडासकट उपटून जाळायची. बांधावर किंवा ओढ्यात टाकायची नाही. ज्या रानात फार झाली तिथं दोन-तीन वर्षं ज्वारी घ्यायची, ज्वारीवर तिचा जम बसत नाही.

६. गाजरगवत फुलाआधी उपटायचं. मोकळ्या जागेत तरोट्याचं बी फेकायचं, तरोटा त्याला दाबतो. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडं गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे मिळतात, ते ग्रामसभेनं मागवायचे.

७. दरवर्षी प्रत्येक घरानं निदान ज्वारी, तूर, मूग, कारळ, अंबाडी यांचं निरोगी कणसाचं, निरोगी शेंगेचं बी मळणीआधीच वेगळं काढायचं. राख आणि लिंबाचा पाला घालून गाडग्यात ठेवायचं. ही विद्या आपल्या आज्यांना येते. त्या आहेत तोवर शिकून घ्या.

यातल्या कशालाही कुणाची परवानगी लागत नाही. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा आहे. त्याच्या कलम ३९ प्रमाणं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, बदलून घ्यायचा, विकायचासुद्धा हक्क आहे, फक्त कंपनीचं नाव लावून विकता येत नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणं जंगल आणि त्यातली जैवविविधता राखायचा अधिकार ग्रामसभेला आहे. म्हणजे घाणेरी कुठली काढायची, तिथं कोणतं गवत येऊ द्यायचं, हे ठरवणं आपलं काम आहे आणि ते रोजगार हमीतून व्हावं अशी मागणी आपण केली पाहिजे. बाहेरून कुणी जंगलात रोपं लावायला आणली तर ती कोणती, कुठल्या रोपवाटिकेतली, हे ग्रामसभेपुढं सांगितल्याशिवाय एकही खड्डा खोदू द्यायचा नाही. शोभेच्या झुडपानं एकदा काय केलं ते आपण बघतोच आहोत.

सरकारकडं आपल्या तीन मागण्या असाव्यात. पट्टेधारकाला सातबाऱ्याची नोंद आणि पीककर्ज, म्हणजे उधारीची साखळी तुटंल. बियाण्याच्या तक्रारीचा पंचनामा आमच्या वाडी-गुड्यावर येऊन. आणि परभणी विद्यापीठाचे घरी बी राखता येणारे देशी कापसाचे सरळ वाण आमच्या तालुक्याच्या ठिकाणी, पेरणीच्या आधी आणि रास्त भावात.

येत्या ग्रामसभेत वनहक्काच्या विषयानंतर बियाण्याचा विषय घ्या. ठराव लिहा, त्यावर अंगठे आणि सह्या घ्या, एक प्रत संघटनेकडं पाठवा. कोणत्या गावात कोणतं बी अजून घरचं शिल्लक आहे याची यादी आपल्याला करायची आहे. कुणाच्या उतरंडीत जुनी ज्वारी असंल, कुणाकडं लाल तूर असंल, ती यादीत आली पाहिजे. पुढच्या मिरगात या गावचं बी त्या गावाला जाईल, चाळून, निवडून, ओळखीच्या हातानं. व्यापार तोही असंल. पण त्यात कुणाच्या रानातलं आहे ते माहीत असंल, आणि जाब विचारायला माणूस समोर असंल.

जमीन आपली, जंगल आपलं. बियाणंही आपलंच पाहिजे.

जोहार!